एक दिली, एक घेतली

किल्ली सापडेनाशी झाली की आमच्या बायका आधी पिशवी उलटी करतात, मग एकमेकींवर आळ घेतात आणि मग मला फोन करतात. मी एकच सांगते, "ॲप्रनच्या आतल्या खिशात बघ." दहापैकी नऊ वेळा तिथेच असते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

आमचा धंदा सफाईचा. ऑफिसं, दवाखाने, शिकवणीचे वर्ग, दुकानं. ती उघडायच्या आधी किंवा दुपारच्या सुट्टीत आमच्या बायका जाऊन झाडूनपुसून येतात. धंदा माझ्या दिरांचा. माणसं नेमणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, कोणी आजारी पडली की स्वतः फडकं घेऊन जाणं हे सगळं भाऊजी करतात. किल्ल्या माझ्याकडे. अकरा वर्षं झाली.

पुढच्या खोलीत भिंतीला पक्कं केलेलं लोखंडी कपाट आहे. आत लाकडी फळी, फळीवर सेहेचाळीस हूक. प्रत्येक हूकला नंबर आणि प्रत्येक जुडग्याला त्याच नंबरचा पितळी बिल्ला. बिल्ल्यावर नाव नाही, पत्ता नाही. जुडगा रस्त्यात पडलाच, तर ज्याला सापडेल त्याला तो कुठल्या दाराचा आहे हे कळता कामा नये. पत्त्यांची वही वेगळी, ती माझ्या घरी चादरींच्या खाली असते.

किल्ली द्यायची आमची एक रीत आहे. देणारी मोठ्याने मोजते, घेणारी मोठ्याने मोजते. "तीन दिल्या." "तीन घेतल्या." मग वहीत वेळ, देणारीची सही, घेणारीची सही. परत आणल्यावर हेच उलटं. ती म्हणते दिल्या, मी म्हणते घेतल्या. परत आलेल्या किल्ल्या टेबलावरच्या स्टीलच्या थाळीत पडतात आणि मी त्या एकेक करून हूकवर लावते. ही रीत मीच पाडली. भाऊजींना तिची गंमत वाटते. "वहिनी, लोक लग्नातसुद्धा एवढ्या वेळा होकार देत नाहीत," म्हणतात. म्हणू देत. अकरा वर्षांत एक किल्ली इकडची तिकडे झाली नाही.

दर शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा तक्ता होतो. मी फळीसमोर उभी राहून भरलेल्या हूकचे नंबर वाचते. भाऊजी प्रत्येक नंबरापुढे एकेका बाईचं नाव टाकतात. हूकवर किल्ली आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे म्हणजे कोणीतरी जायला हवं. जागा माहीत नसेल तर पहिल्या दिवशी एखादी जुनी बाई बरोबर जाऊन दाखवते. इतका साधा कारभार.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण आमच्याकडे कामाला लागली होती. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षं ती घराचे पडदे लावून बसली होती. जेवलीस का विचारलं तर "हो" म्हणायची, आणि काय जेवलीस विचारलं की गप्प. मी एक दिवस गेले, पडदे सरकवले, आणि तिला हाताला धरून ऑफिसात आणलं. "हात चालते राहिले की डोकं गप्प बसतं," असं सांगितलं. ती आली. चपला बाकाखाली काढायची, कामाच्या रबरी सपाता घालायची, निळा ॲप्रन बांधायची आणि पाठवू तिथे जायची. काम चोख. एकच खोड होती. सही केली की पेनाला टोपण लावायची नाही. "शाई काय फुकट येते का गं," मी रोज ओरडायची. "ताई, तू टोपणं लावायलाच जन्माला आलीस," ती म्हणायची. दोन वर्षांनी ती थट्टा करायला लागली होती, म्हणून मीही रोज न चुकता ओरडायची.

एकतीस नंबर म्हणजे एक फर्निचरचं दुकान होतं. पुढच्या शटरची एकच किल्ली. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांचं खालचं दार वेगळं, वरचं वेगळं, कपाटं वेगळी, म्हणजे दोनच्या खाली कोणाच्याच किल्ल्या नाहीत. एका किल्लीचं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते दुकान बंद झालं. मालक किल्ली घेऊन गेला, मी वहीत रेघ मारली, बिल्ला पुसून खणात ठेवला आणि एकतीसचा हूक रिकामा झाला.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी मी थाळी रिकामी करत होते. सगळे जुडगे जागच्या जागी लागले आणि थाळीत एक किल्ली उरली.

बिल्ला नव्हता. मान आखूड, रंग काळपट, आकाराच्या मानाने जड. दोन्ही बाजूंना दात. मी सगळ्या बायकांना फोन केले. कोणाचीच नाही. गिऱ्हाइकांना विचारलं, त्यांचीही नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे घेऊन गेले. हा माणूस चाळीस वर्षं तेवढंच काम करतोय. त्याने ती बोटांनी चाचपली, दिव्याखाली धरली.

"रोजच्या वापरातली आहे," तो म्हणाला. "दात बघा कसे चकाकतायत. पडून राहिलेली किल्ली अशी नसते."

"कुठल्या कुलपाची?"

"या जातीचं कुलूप मी तरी पाहिलेलं नाही." त्याने ती परत दिली आणि हात पँटला पुसला. "जिथे सापडली तिथेच ठेवा ताई. ज्याची असेल तो नेईल."

पण थाळीत किल्ली पडून राहिलेली मला बघवत नाही. रात्री झोपताना नळ ठिबकतोय असं वाटत राहतं ना, तसं होतं. टाकून देणं तर आमच्या धंद्यात पापच. म्हणून मी खणातून एकतीसचा बिल्ला काढला, तिला लावला आणि ती रिकाम्या हूकवर टांगली. मालक सापडेपर्यंत तात्पुरती.

माझी चूक ती ही. किल्ली टांगणं नव्हे. टांगल्यावर शनिवारी फळीसमोर उभं राहून, मनात दुसरेच विचार घोळवत, "एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस" असं वाचत जाणं.

भाऊजींनी एकतीसपुढे धाकटीचं नाव टाकलं. दुपारी तीन ते चार. दुकान बंद झालंय हे त्यांना माहीत होतं, पण वहिनींनी नंबर वाचला म्हणजे नवं गिऱ्हाईक मिळालं असेल असं ते समजले. जागा वहिनी दाखवतील, सख्खी बहीण आहे, असंही समजले. मी काहीच समजले नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसली गत.

नऊ दिवस मी दुपारी पावणेतीनला रांगेतल्या बायकांना किल्ल्या देत होते. "पाच दिल्या." "पाच घेतल्या." "एक दिली." "एक घेतली." आणि चार वाजून दहा मिनिटांनी परत. मान खाली, डोळे वहीत, तोंड आपोआप चालू. नवव्या दिवशी संध्याकाळी पानांची बेरीज जुळवताना माझं बोट एकतीसवर थांबलं. दोन पन्नासला दिली, चार दहाला घेतली. नऊ ओळी. प्रत्येक ओळीत धाकटीची सही आणि तिच्या शेजारी माझी.

धाकटी मागच्या खोलीत पोछे पिळत होती. मी तिला बोलावलं.

"तू रोज तीन वाजता कुठे जातेस?"

"एकतीसला."

"एकतीस कुठे आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मीच चेष्टा करतेय असं समजून. "बँकेच्या कोपऱ्यावरून आत, शिंप्यांची रांग संपली की डोळ्यांचा दवाखाना. दवाखाना आणि फोटोफ्रेमचं दुकान यांच्या मधलं तपकिरी दार. वर एकोणीस पायऱ्या."

"कोणी दाखवलं तुला?"

"कोणी नाही. पहिल्या दिवशी निघाले खरी, पण पत्ता विचारायचा राहिला. म्हटलं परत जाऊन विचारावं, तर समोर ते दार होतं. किल्ली लावून बघितली, लागली. किल्ली लागली म्हणजे जागा बरोबरच ना, ताई?"

अकरा वर्षं मी बायकांना हेच शिकवत आले होते.

"आत काय आहे?"

"एक लांब खोली. टेबल, खुर्ची, खिडकी. माणूस कोणी नसतं. धूळ दिसतच नाही कुठे, पण पुसलं की फडकं काळं होतं. रोज." तिने ॲप्रनला हात पुसले. "छान वाटतं पण तिथे. डोकं अगदी गप्प असतं. आणि खिडकीतून तू दिसतेस."

"मी?"

"हे टेबल दिसतं. तू दिसतेस, वहीत डोकं घालून बसलेली. मी रोज हात करते तुला. तू वर बघतच नाहीस."

आमच्या दारासमोर एका गोदामाची भिंत आहे. दोन मजले सरळ, राखाडी, एकही खिडकी नसलेली. आणि डोळ्यांचा दवाखाना इथून दोन वळणं पुढे आहे. हे मी तिला बोलले नाही. बोलले ते एवढंच, की एकतीसचं काम संपलं, उद्यापासून जायचं नाही. किल्ली हूकवरून काढली, टेबलाच्या लोखंडी खणात टाकली, खणाला कुलूप लावलं आणि त्याची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

धाकटीचा चेहरा उतरला. पडदे लावलेल्या घरातला तो चेहरा मी ओळखत होते. त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला समोरच बसवून घेतलं. फवारणीच्या बाटल्या भरायला दिल्या. तीन वाजले तसे तिचे पाय टेबलाखाली हलायला लागले. बाटलीवर झाकण लावायची, काढायची, परत लावायची. दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. "काहीतरी राहिलंय असं वाटतंय गं," म्हणाली. मी म्हटलं, काही राहिलेलं नाही, बाटल्या भर. माझं लक्ष तिच्यावरून हललं नाही. चार वाजले, चार दहा झाले.

थाळीत टण् असा आवाज झाला.

एकतीसची किल्ली थाळीत होती. मी उचलली. कोणीतरी तासभर मुठीत धरावी इतकी ती गरम होती आणि तिला लादी पुसायच्या साबणाचा वास येत होता. खणाचं कुलूप जागच्या जागी होतं. उघडलं, खण रिकामा.

"हात दाखव," मी धाकटीला म्हटलं.

तिने पुढे केले. तळवे पांढरे पडले होते आणि बोटांची टोकं सुरकुतली होती. तासभर पाण्यात हात घातल्यावर होतात तशी. बाटल्या भरताना तिच्या हातावर थेंबही पडला नव्हता, मी बघत होते.

ती स्वतःच्या बोटांकडे बघून हळूच हसली. "बघ, झालं काम," म्हणाली.

भूतबीत असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. त्यामुळे एरवी मी जे केलं असतं तेच केलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघी निघालो. किल्ली माझ्या हातात. बँकेचा कोपरा, शिंप्यांची रांग, एका शिंप्याने धाकटीला मान हलवून ओळख दिली. डोळ्यांचा दवाखाना. त्याच्या भिंतीला भिंत लावून फोटोफ्रेमचं दुकान. मध्ये दार नव्हतं. दार काय, बोट जाईल एवढी फट नव्हती. मी भिंतीवर हात फिरवला. ऊन लागून तापलेला चुना, एक जुनी जाहिरात, बस्स.

"इथेच होतं," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "किल्ली माझ्याकडे दे ना जरा."

"नाही."

"दे तर. तुझ्याकडे असली की नाही दिसत."

मी तिचा दंड धरला आणि तिला परत आणलं. वाटेत मीच बोलत होते. उद्या डॉक्टरकडे जाऊ, चार दिवस सुट्टी घे, दोघी मिळून कुठेतरी जाऊन येऊ. ऑफिसात आल्यावर मी भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले मात्र नाहीत. "वहिनी, किल्ली नदीत टाकून या," म्हणाले. मी म्हटलं उद्या सकाळी टाकते. तोवर ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

सकाळी गाठ तशीच होती आणि आत किल्ली नव्हती. मी घर पालथं घातलं. ऑफिसात जाऊन कपाट उघडलं. एकतीसच्या हूकवर ती लटकत होती, बिल्ल्यासकट. काढायला हात पुढे केला आणि टेबलावरचा फोन वाजला.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाईंना ताप आला होता, वर्गाच्या बाईंची सून बाळंत झाली होती, दोन गिऱ्हाइकांनी वेळा बदलल्या होत्या. फोन ठेवला की वाजायचा. दुपारच्या रांगेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. रांग लागली तेव्हाही फोन कानाला होता, खांद्याने दाबून धरलेला. एका हाताने फळीवरून जुडगे काढून देत होते.

"चार दिल्या."

"चार घेतल्या."

"दोन दिल्या."

"दोन घेतल्या."

"एक दिली."

"एक घेतली."

"सहा दिल्या."

"सहा घेतल्या."

रांग संपली. फोनवरची बाई अजून तिच्या गालिच्यावरच्या डागाबद्दल बोलत होती. मी पेनाला टोपण लावायला हात पुढे केला.

एक.

एका किल्लीचं गिऱ्हाईक आपल्याकडे नाहीच.

फोन तसाच टाकून मी पळाले. अनवाणीच. बँकेच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती शिंप्यांच्या रांगेपाशी होती, निळा ॲप्रन, हातात बादली. मी हाक मारली. तिने ऐकलं असावं, कारण चाल जरा मंदावली. मी परत हाक मारली, लहानपणीच्या नावाने. ती डोळ्यांच्या दवाखान्यासमोर आली. एक हातगाडी आडवी गेली.

हातगाडी पुढे गेली. दवाखाना होता. फोटोफ्रेमचं दुकान होतं.

मी भिंतीवर मुठी आपटल्या. दुकानदार बाहेर आला, दवाखान्यातले पेशंट बाहेर आले, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या लावलेले. कोणी काही पाहिलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. मग घड्याळ बघितलं आणि जीव खाऊन परत पळाले. चार दहाला मी टेबलापाशी होते, थाळीवर डोळे लावून.

किल्ली आली.

वहीत वेळ पडलेली होती, चार दहा. परत करणारीची सही धाकटीची.

ती मात्र आली नाही.

पोलिसांत तक्रार केली. ते आले, सगळं लिहून घेतलं, दवाखाना आणि दुकान आतून बाहेरून तपासलं. माणसं भली होती. एकाने वही चाळली आणि म्हणाला, "पण बाई, यात तर रोज परत आल्याची नोंद आहे." मी त्याला सांगितलं, ती किल्लीची नोंद आहे. बोलता बोलता मलाच ते ऐकू आलं. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून मी किल्ल्या मोजत होते. परत कोण आलं, कोण नाही, याची वही माझ्याकडे नव्हती.

तेव्हापासून रोज तेच. दोन पन्नासला हूक रिकामा होतो, चार दहाला थाळीत आवाज होतो. मधल्या वेळात मी समोर बसलेली असते. वहीत तिची सही उमटलेली असते, शाई ओली. देणारीचा रकाना कोरा राहतो, कारण मी दिलेली नसते. आणि माझं पेन रोज टोपण काढलेलं असतं. मी टोपण लावते, आणि लावताना रोज ओरडते. दुसरं काय करणार. तिच्या चपला बाकाखाली आहेत. त्यांना कोणी हात लावायचा नाही असं मी बजावून ठेवलंय.

आणखी एक करते. बायका गेल्या की वही मिटते, मान वर करते आणि गोदामाच्या भिंतीकडे बघते. तासभर. मग हात करते. रस्त्यावरची माणसं मागे वळून बघतात, बघू देत. नऊ दिवस ती हात करत होती आणि मी बेरजा करत होते, हे कसं विसरू.

दोन महिने झाले. भाऊजींचे केस पिकले. आता ते म्हणतात फळी काढून टाकू. गिऱ्हाइकांनाही हल्ली आकड्यांची कुलपं हवीत, बटणं दाबली की दार उघडतं, किल्लीची भानगडच नको. सोमवारी सुतार येणार आहे. "वहिनी, तुमच्यासाठीच करतोय," म्हणाले. खरं आहे ते. पण फळी गेली की हूक गेला, आणि हूक गेला की चार दहाला थाळीत काही पडणार नाही. एवढीच तिची खबर मला मिळते. तेवढीही ते सुताराच्या हाती देणार.

आज शनिवार. बायका किल्ल्या घेऊन गेल्या. दोन अठ्ठेचाळीस. मी वही मिटली, भिंतीकडे बघितलं, हात केला. ऊन होतं. भिंत राखाडी, सरळ. मग वर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, ऊन एका चौकोनापुरतं चमकलं. काचेवर चमकतं तसं. मी डोळे चोळले. परत बघितलं तर भिंत होती.

मी टेबलाकडे वळले.

माझ्या खुर्चीत कोणी नव्हतं. पण मी टेबलाच्या अलीकडे उभी होते, बायका उभ्या राहतात तिथे. इकडे कधी आले, आठवत नाही.

वही उघडी होती. माझ्या बाजूने सुलट, म्हणजे खुर्चीकडून उलट. सहीसाठी आपण समोरच्याकडे फिरवतो तशी.

"एक दिली."

आवाज धाकटीचा. थकलेला नव्हता, दुःखी नव्हता. रांग मोठी असली की आपण बोलतो तसा, जरा घाईचा.

तळव्यात काहीतरी जड, गरम ठेवलं गेलं.

मला विचार करायचा होता. भाऊजींना हाक मारायची होती, ते मागच्याच खोलीत होते. पण अकरा वर्षांची जीभ. समोरून "दिली" आलं की ती थांबत नाही.

"एक घेतली," मी म्हणाले.

वहीत नवी ओळ होती. नंबर एकतीस, वेळ दोन पन्नास. देणारीच्या रकान्यात तिची सही, अजून ओली. घेणारीचा रकाना रिकामा होता, आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवलेलं होतं, टोपण काढून.